पिल्लांच्या जंतांकडे दुर्लक्ष नको

महोदय,

गल्लीतल्या कुत्रीचं एक पिल्लू गेल्या पावसाळ्यात आम्ही घरी आणलं. पोट टम्म, बरगड्या मात्र मोजता येतील अशा. बाळसं धरतंय, असंच आम्हाला वाटलं. चौथ्या दिवशी त्याने उलटी केली आणि फरशीवर शेवयांसारखे पांढरे जंत वळवळताना दिसले.

पशुवैद्यांनी मग सांगितलं, की गोलकृमी पिल्लाला आईच्या पोटातच लागतात, अंकुशकृमी दुधातूनही येतात. म्हणून जंताचं औषध 2 आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला सुरू करायचं, आईलाही द्यायचं. मोठ्या कुत्र्याला साधारण दर 3 महिन्यांनी, वजन करूनच. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसले तर तो बहुधा फीतकृमी. तो पिसवांमुळे होतो, त्यामुळे नुसत्या गोळीने भागत नाही, पिसवाही घालवाव्या लागतात.

पण माझा खरा आग्रह विष्ठा उचलण्याचा आहे. ताज्या विष्ठेतली गोलकृमीची अंडी लगेच बाधत नाहीत. मातीत दोन-चार आठवड्यांनी ती घातक होतात आणि पुढे वर्षानुवर्षं टिकतात. अंकुशकृमीच्या अळ्या तर ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतही शिरतात. आमच्या बागेतल्या घसरगुंडीखालच्या वाळूत मुलं खेळतात आणि पहाटे तिथेच कुत्री फिरवली जातात! श्वानप्रेमींनो, कृपा करून पिशवी सोबत ठेवा. महापालिकेनेही बागांच्या दाराशी यासाठी वेगळा डबा ठेवावा, ही विनंती.

– एक श्वानपालक, पुणे