चरबीची गाठ म्हणजे ‘काही नाही’ कसं?

संपादक महोदय, स.न.

गेल्या मंगळवारच्या आरोग्य पुरवणीत चरबीच्या गाठींवर लेख आला होता, चांगला होता, पण वाचून जरा चिडचिड झाली म्हणून लिहितेय. मानेवर, पाठीवर, दंडावर येते, मऊ असते, दाबली की सरकते, दुखत नाही, घाबरू नका. सगळं बरोबर, पण भलतीकडे आली तर काय, यावर एक ओळ नाही. आणि माझी नेमकी भलतीकडे आली होती, उजव्या तळहातात, अंगठ्याखालच्या गादीत.

मी ब्लाऊज शिवते, 22 वर्षं झाली. आधी कात्री धरली की तिथे रुतायला लागलं, मग दोरा ओवताना सुई बोटातून कधी सुटली कळायचंच नाही, रात्री अंगठा नि त्याच्या शेजारची दोन बोटं मुंग्यांनी भरायची, हात झटकत बसायचे, करंगळी मात्र ठणठणीत. सासूबाई म्हणाल्या मशीनने हात सुजलाय, शेजारणीने तेल-तूप बंद करायला लावलं (अहो मी 45 किलोची बाई, या गाठी बारीक माणसालाही होतात आणि वजन उतरवून जिरत नाहीत), कोणी गूळ-चुन्याचा लेप दिला. डॉक्टरांनी दाबून बघितलं, म्हणाले लिपोमा, म्हणजे चरबीचीच गाठ दिसतेय, काही नाही, आणि मुंग्यांसाठी मानेचा एक्स-रे आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या. म्हणजे गाठ वेगळी आणि मुंग्या वेगळ्या, दीड वर्ष दोन्हीचा संबंध कोणी लावलाच नाही, मी पण नाही.

शेवटी हाताच्या सर्जननी एमआरआय करायला लावला आणि फिल्मवर बोट ठेवून दाखवलं, कातडीखालची चरबी जशी पांढरी तशीच गाठ पांढरी, आणि बोटांकडे जाणारी मीडियन नर्व्ह (मज्जातंतू) तिच्यावरून ताणून गेलेली. तळहातात जागाच किती असते, वर जाड कातडी, खाली चिवट पडदा, बाहेर फुगता येत नाही म्हणून गाठ आत दाबते. नुसता हात बधिर करून काढली, पिवळीधमक, आंब्याच्या कोयीएवढी, अख्खी निघाली. लॅबचा रिपोर्ट साधाच आला, पण लॅबला पाठवायलाच हवी, कारण 5 सेंटीमीटरपेक्षा मोठी, खोल किंवा वाढत जाणारी असेल तर चरबीचा कॅन्सरही वरून तसाच वाटू शकतो.

मग डॉक्टरांनी अजून जागा सांगितल्या. जिभेखाली, गालाच्या आत, कपाळावर स्नायूच्या खाली, तिथे ती सरकत नाही म्हणून लोकांना हाडच वाटतं. मोठ्या आतड्यात झाली तर दुर्बिणीने दाबल्यावर उशीसारखी दबते, आणि फार मोठी झाली तर आतड्यात आतडं शिरतं. हृदयात होते, मेंदूतही जन्मजात असते, दुसऱ्याच कशासाठी स्कॅन केला की सापडते आणि बहुतेक वेळा तशीच ठेवतात.

पण मला धसका बसला तो बाळांचं ऐकून. तान्ह्या बाळाच्या कंबरेखाली अगदी मधोमध मऊ फुगवटा असतो, कधी त्यावर केसांचा पुंजका, आणि ती चरबी आत मज्जारज्जूला चिकटलेली असू शकते, मूल वाढेल तसा तो ताणला जातो, पायातली ताकद जाते, लघवीवर ताबा राहत नाही. हे सगळ्यात आधी दिसतं बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईला, आणि ती म्हणते तेल चोळून बसवते! अशी गाठ चोळायची पण नाही आणि एमआरआय केल्याशिवाय कोणाला कापूही द्यायची नाही.

तर पुढच्या पुरवणीत या जागांचं चित्र छापा, निदान तळहात आणि बाळाची कंबर तरी. माझे टाके निघून 4 महिने झाले, रात्री झोप लागते, अंगठ्याचं टोक अजून जरा बधिर आहे, सुईत दोरा मात्र मीच ओवते, चष्मा लावून.

तुमची नेहमीची वाचक,
कराड