मंत्रिमहोदय, स्टँड नवा बांधा, पण आमचा ठेवा

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

जुन्या बसस्थानकांच्या पुनर्विकासाच्या बातम्या हल्ली सारख्या वाचायला मिळतात. गळकी छपरं आणि नाक दाबून जावं लागतं अशी स्वच्छतागृहं बघता हे काम व्हायलाच हवं. पण पाडायला सुरुवात झाली की त्यातलं काय ठेवायचं हे कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

मी पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यातला. १९८० नंतरच्या काळात नगरला खोली करून कॉलेज शिकलो. गावात मुक्कामी गाडी यायची. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपायचे आणि पहाटेचा त्यांचा चहा बहुतेक वेळा आमच्याच चुलीवर व्हायचा. त्याच चुलीवर आई भाकरी थापायची आणि डबा त्या गाडीत द्यायची. नगरच्या स्टँडवर एका कोपऱ्यात असे पन्नास-साठ डबे उतरवलेले असत. कुणाच्या डब्यावर ऑइलपेंटने नाव, कुणाच्या कडीला चिंधी. माझ्या फडक्याला निळ्या दोऱ्याची गाठ असायची. डबा उघडला की आधी भाकरीखाली चाचपायचो, कधीकधी तिथे पाच रुपयांची घडी घातलेली नोट निघायची. एकदा गाडी वाटेत बंद पडली, तर कंडक्टरने मागच्या गाडीत आधी आमचे डबे चढवले, मग माणसं. तीन वर्षांत माझा एकही डबा हरवला नाही. एसटीवरचा माझा विश्वास त्या डब्यांपासूनचा आहे.

याच नगरच्या माळीवाड्यातून १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुण्याला निघाली. किसन राऊत चालक, लक्ष्मण केवटे वाहक. आम्हा नगरकरांना त्याचा आजही अभिमान वाटतो.

पुढे नोकरीनिमित्त रातराणीने खूप फिरलो. रात्री दोन वाजता कुठल्यातरी स्टँडवर गाडी थांबायची, झोपेतच भोंग्यातून फलाट क्रमांक ऐकू यायचा, खिडकीशी चहावाला उभा असायचा. गाव अनोळखी असलं तरी स्टँड ओळखीचा वाटायचा. तीच सिमेंटची बाकं, तीच कंट्रोलरसाहेबांची जाळीची खिडकी. खेड्यातून शहरात आलेल्या माणसाला पैसे न मोजता, कुणाला न विचारता बसता येईल अशी हक्काची जागा तेवढीच होती.

ती जागा जाताना मी पाहिली आहे. गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी नवा स्टँड पाहिला. रस्त्याच्या बाजूला सगळे दुकानाचे गाळे, आणि प्रवासी मागे अरुंद शेडखाली. दवाखान्यातून परतणारी एक आजी गाठोड्याला टेकून फरशीवर बसली होती, कारण बाकं मोजून चार. विजेची पाटी बंद होती. आणि जुन्या स्टँडचा वेळापत्रकाचा पत्रा बाहेर गटारावर झाकण म्हणून टाकला होता. काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेली गावांची नावं अजून वाचता येत होती. लोक त्यावरून ये-जा करत होते. मला काही त्यावर पाय ठेववला नाही.

महोदय, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला, १७ मार्च २०२३ पासून बायाबापड्यांना अर्धं तिकीट झालं. फार चांगली गोष्ट झाली. मग त्याच म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्या बायांना टेकायला बाक नको का? तळमजला प्रवाशांचा असू द्या, गाळे वरच्या मजल्यावर जाऊ देत. स्टँड गावाबाहेर नेऊ नका, कारण तिथून बाजारात यायला रिक्षाला मोजावे लागणारे पैसे तिकिटापेक्षा जास्त होतात. मुक्कामी गाड्या तोट्यात जातात म्हणून बंद करण्याआधी त्या गावातली किती पोरं त्या गाडीवर शाळा-कॉलेज करतात ते एकदा मोजायला लावा.

आणि कुठलंही स्थानक पाडण्याआधी त्याचे फोटो काढून घ्या. तिकिटांची पेटी, चिमटा, घंटीची दोरी, हाताने रंगवलेल्या पाट्या भंगारात न देता त्याच इमारतीत एका भिंतीवर लावा. सुरुवात माळीवाड्यापासून करता येईल.

गटारावरचा तो पत्रा परवापर्यंत तिथेच होता. आपण कुणाला पाठवलंत तर दाखवायला मी स्वतः येईन.

आपला नम्र,
एक एसटी प्रवासी