औषध कोणी दिले, हे कागदावर येऊ द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी निवृत्त परिचारिका आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंग आणि प्रसूतिसेवेचा डिप्लोमा झाले, परिचारिका म्हणून नोंदणी क्रमांक मिळाला आणि पुढची ३१ वर्षे वॉर्डातच गेली. त्यातली एक रात्र सांगितल्याशिवाय तुमच्याकडे काही मागायला मन धजत नाही.

तालुक्याच्या गावातले खासगी नर्सिंग होम. २२ खाटा, रात्रपाळीला सिस्टर म्हणून मी एकटी आणि दोन मावश्या. आठच्या सुमारास एक बाई बाळंतपणाला आली आणि मी लेबर रूममध्ये अडकले. मधुमेहाच्या एका आजींचे जेवणाआधीचे इन्सुलिन राहिले होते, १० युनिट. मी आतूनच मावशीला ओरडून सांगितले, "दहाच्या रेघेपर्यंत भरा आणि पोटावर द्या." समजूतदार बाई, माझे बघून बघून इंजेक्शन द्यायला शिकलेली. तिने दहाच्या रेघेपर्यंतच भरले.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली आणि १०० युनिट असलेली. सिरिंजही दोन: ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी नारिंगी. आजींच्या मुलाने आणलेली बाटली १०० ची होती आणि ट्रेमधली सिरिंज लाल टोपणाची. लाल सिरिंजवर दहाची रेघ म्हणजे पाव मिलिलिटर. रेघ दहाचीच, पण १०० च्या बाटलीतून आजींच्या अंगात गेले २५ युनिट. मध्यरात्री त्या घामाने चिंब झाल्या होत्या, हाकेला ओ देत नव्हत्या. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर वाचल्या. मावशीचा पगार कापला गेला. केस पेपरवर सही मात्र माझी होती, कारण रात्रीच्या सगळ्या औषधांपुढे सकाळी एकदम सह्या करायची तिथली रीत होती.

माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली सांगतात, ही रीत अजून गेलेली नाही.

सुई टोचायला कोणालाही आठवड्यात शिकवता येते. अवघड असते ते टोचण्याआधीचे पाहणे. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची गोळी देण्याआधी नाडी मोजायची आणि ६० च्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल, म्हणजे औषधाची छोटी कुपी, दिसायला साध्या पाण्यासारखी. ती सलाईनमध्ये मिसळून हळूहळूच जायला हवी, थेट शिरेत ढकलली तर हृदय थांबते. हे ज्याला कोणी शिकवलेच नाही, त्याच्या हातात ट्रे देणे म्हणजे रुग्णावर अन्याय आहे आणि त्या मावशीवरही.

आपल्या राज्यात नर्सिंग होम नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांत पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण असावे, अशी अट त्यात आहे. घरी रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोंना मात्र हा कायदा लागत नाही. तिथून 'सिस्टर' म्हणून येणाऱ्या मुलीने नर्सिंग केले आहे की नाही, हे म्हाताऱ्या माणसांनी कसे ओळखायचे?

मावश्यांना कामावरून काढा, असे मी म्हणत नाही. त्यांच्याशिवाय एकही वॉर्ड चालणार नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत नर्स नसलेल्या मदतनिसांना ठरावीक औषधे देऊ देतात, पण आधी प्रशिक्षण आणि परीक्षा असते. आपल्याकडे हे काम तोंडी सोपवले जाते आणि काही बिघडले की सर्वांत कमी पगाराच्या माणसावर ढकलले जाते.

माझी पहिली मागणी साधी आहे. प्रत्येक औषधापुढे ते प्रत्यक्ष देणाऱ्याचे नाव, वेळ आणि नोंदणी क्रमांक त्याच क्षणी लिहिणे बंधनकारक करा. क्रमांक नसेल तर तो रकाना रिकामा दिसू द्या. इंजेक्शन, इन्सुलिन आणि शिरेतून जाणारे काहीही नोंदणी नसलेल्या हातात जाणार नाही, असा लेखी आदेश काढा. सिस्टरने काढून दिलेली गोळी तिच्यासमोर रुग्णाला पाजणे, एवढे मावशी करू शकते, हेही त्यात स्पष्ट लिहा. ब्युरोंची नोंदणी सुरू करा.

आणि तपासणीची वेळ बदला. माझ्या साऱ्या नोकरीत पथक आले ते दिवसा, आधी कळवून. त्या दिवशी सगळ्या सिस्टर हजर असायच्या. पथक रात्री साडेअकराला न सांगता पाठवा, ड्युटीचा तक्ता मागा आणि त्या घटकेला ट्रे कोणाच्या हातात आहे ते पाहा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका