घरून शाळेच्या दिवशी लागलेली गैरहजेरी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे शाळांच्या इमारती बंद राहिल्या तरी मुलांचा अभ्यास एक दिवसही थांबला नाही, अशा आशयाची बातमी कालच्या अंकात वाचली. बातमीत शाळांनी दिलेले हजेरीचे आकडे आहेत. ते आकडे कसे जमतात, हे मात्र बातमीदाराने एखाद्या पालकाला विचारलेले दिसत नाही. मी दोन मुलांची आई आहे आणि त्या आकड्यांत माझी मुलगी गैरहजर म्हणून मोजली गेली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मुलगी सातवीत आहे, मुलगा तिसरीत. घरातला एक फोन मुलांचे वडील कामावर घेऊन जातात. उरतो तो माझा. आदल्या रात्री पावणेअकराला शाळेच्या ग्रुपवर निरोप आला की उद्या इमारत बंद, वर्ग ऑनलाइन. लिंक आली सकाळी सात चाळीसला आणि दोन्ही वर्गांची वेळ एकच, आठची. धाकट्याला एकट्याने बसून अभ्यास करता येत नाही हे पाहून मुलगी आपण होऊन म्हणाली, "त्याचा तास आधी होऊ दे, मी पुस्तकातून करते." तिने वहीवर तारीख घातली, समास आखला आणि परिमेय संख्यांची चौदा गणिते सोडवली. त्यातली दोन चुकली होती, ती खोडून शेजारी पुन्हा केली. सव्वानऊला तिच्या हाती फोन आला तेव्हा पहाटेपासून वीज नव्हती आणि बॅटरी अठरा टक्क्यांवर होती. लिंक उघडल्यावर पडद्यावर एवढेच दिसत राहिले की थोड्या वेळात आपल्याला वर्गात घेतले जाईल. ती अकरा मिनिटे हातात पेन्सिल धरून त्या पडद्याकडे पाहत बसली होती. मग रेंज गेली आणि पाठोपाठ फोनही बंद पडला. बाईंचा यात दोष आहे असे मला मुळीच वाटत नाही. पन्नासेक मुलांना शिकवताना बाहेर कोण ताटकळले आहे हे त्यांना कसे दिसणार? त्यासुद्धा स्वतःचाच फोन आणि स्वतःचाच डेटा वापरून शिकवतात, आणि त्यांच्याही घरी मुले असतात.

संध्याकाळी वीज आल्यावर फोन सुरू केला, तर पहिला निरोप हा की आपला पाल्य आज अनुपस्थित होता. शाळा उघडल्यावर मी ती वही घेऊन कार्यालयात गेले. तिथे सांगण्यात आले की हजेरी लिंकवरून आपोआप लागते, आठ वाजून दहा मिनिटांनंतर येणाऱ्याची लागत नाही आणि एकदा नोंद झाली की ती बदलता येत नाही. मी वही पुढे केली, पण ती कोणी उघडली नाही. त्या चौदा गणितांकडे एकदा पाहिले असते, तर मी कदाचित हे पत्र लिहिलेही नसते.

माझे म्हणणे एवढेच आहे की इमारत बंद असलेल्या दिवशी हजेरी लिंक उघडल्यावरून लावू नये. मुलाने काय अभ्यास केला त्यावरून लावावी, आणि तो दाखवायला शाळा उघडल्यानंतर दोन दिवसांची मुदत द्यावी. ज्या पावसामुळे शाळा बंद ठेवावी लागते, त्याच पावसाने वीज जाते, रेंज जाते, तारा तुटतात. म्हणजे ज्या दिवशी ऑनलाइन वर्गाची गरज पडते, नेमक्या त्याच दिवशी तो सर्वांत बेभरवशाचा असतो. साधनांची वाण नसलेल्या ठिकाणीही हे घडते. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी बर्फवृष्टीमुळे न्यूयॉर्क शहराने सरकारी शाळांच्या इमारती बंद ठेवून सगळे वर्ग घरून घ्यायचे ठरवले. ही सूचना आदल्या दिवशीच दिलेली होती, तरी एकाच वेळी सगळे आत येऊ लागल्यावर यंत्रणा कोलमडली आणि असंख्य मुले व शिक्षक सकाळी वर्गात शिरूच शकले नाहीत. तिथल्या त्या मुलांना कोणी अभ्यास बुडवणारी म्हणणार नाही. मग एकच फोन असलेल्या घरातल्या मुलीला तो शिक्का का?

आणि अशी घरे थोडीथोडकी नाहीत. युनिसेफने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले होते की शाळा बंद झाल्यावर जगातल्या किमान ४६ कोटी ३० लाख मुलांपर्यंत, म्हणजे शाळकरी मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांपर्यंत, दूरस्थ शिक्षण पोहोचूच शकले नाही. त्यात इंटरनेटच नव्हे, रेडिओ आणि दूरचित्रवाणीही धरलेली होती. ही गोष्ट माहीत होऊन इतकी वर्षे लोटली, तरी शाळांनी त्यातून उचलले काय, तर लिंक आणि दहा मिनिटांची सवलत.

याहून साधे आणि चांगले काम करता येते. त्याच २०२० साली बोट्स्वानात काही हजार कुटुंबांवर एक प्रयोग झाला. दर आठवड्याला पालकांच्या साध्या फोनवर गणिताची काही उदाहरणे पाठवली जात आणि काही कुटुंबांना त्याच्या जोडीला शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन येई. नुसत्या संदेशांनी फारसा फरक पडला नाही. ज्या घरी फोन येत होता, तिथल्या मुलांचे गणित सुधारले. मुलाशी कोणीतरी बोलले, त्याचे कुठे अडते ते विचारले, हे त्यात महत्त्वाचे होते. आपल्या शाळांना रोज प्रत्येक घरी फोन करणे जमणार नाही, हे मला समजते. पण पावसाळ्यापूर्वीच तीन दिवस पुरेल एवढा स्वाध्याय कागदावर छापून दप्तरात देता येईल. एका घरात दोन मुले असतील तर धाकट्यांचे वर्ग सकाळी आणि मोठ्यांचे दुपारी ठेवता येतील. कोणाची भावंडे कोणत्या वर्गात आहेत हे शाळेच्या प्रवेशपुस्तकात लिहिलेले असते. जी मुले दिवसभरात कुठेच दिसली नाहीत, तेवढ्यांच्याच घरी संध्याकाळी एक फोन करता येईल. ही यादी फार तर आठ-दहा नावांची होईल, आणि आज नेमके त्याच मुलांना अनुपस्थितीचा छापील निरोप जातो.

जाता जाता कॅमेऱ्याविषयीही लिहिते, कारण मुलाच्या वर्गात तो सुरू ठेवणे सक्तीचे आहे. एका खोलीच्या घरात कॅमेरा म्हणजे अंथरुणावर झोपलेले आजारी माणूस, वाळत घातलेले कपडे, घरातले बोलणे, सगळे पन्नास घरांत दिसते. लहान मुलांना ते कळते आणि त्यांना त्याची लाज वाटू लागते. माझा मुलगा भिंतीच्या कोपऱ्याला पाठ लावून बसतो तो याचसाठी. मुलाचे लक्ष आहे की नाही ते एक प्रश्न विचारूनही कळते.

बातमीसोबत आपण छापलेल्या छायाचित्रात स्वतंत्र टेबल, कानाला हेडफोन आणि समोर लॅपटॉप असलेली मुलगी आहे. अशी मुले आहेत आणि त्यांचा अभ्यास नीट होतो याचा मला आनंदच आहे. पण पुढच्या वेळी बातमीदाराने हजेरीचे आकडे घेताना ज्यांची गैरहजेरी लागली अशा दोन-तीन घरीही जाऊन यावे, ही मनापासून विनंती.

मुलीची त्या दिवसाची हजेरी लावावी असा लेखी अर्ज मी वहीच्या पानांच्या प्रतीसह शाळेला दिला, त्याला आता तीन आठवडे झाले आणि अजून उत्तर आलेले नाही. वर्षभरात तिची तेवढी एकच गैरहजेरी आहे, आणि मी अभ्यास केला होता तर गैरहजर कशी, हे ती मला अजून विचारते. पत्र छापणार असाल तर माझे नाव छापू नये. शाळेत तिला त्यावरून कोणी काही बोलू नये एवढीच काळजी आहे.

आपली विश्वासू,
एक पालक