उचललेली व्हॅन आरसीवर चढवू द्या

संपादकसाहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मालवाहू व्हॅन उंच करून, मोठे टायर टाकून, टपावर कॅरियर आणि लाइट बार लावून डोंगरात फिरणाऱ्या पोरांवर लेख आला होता, तो आमच्या गॅरेजवर येईल त्यानं वाचला. फोटो एक नंबर. पण वाचून असं वाटतं की हे सगळं शहरातल्या हौशी लोकांचं शनिवार-रविवारचं काम आहे, आणि कायद्याबद्दल तर त्यात एक ओळ नाही. मी आजरा-चंदगड भागात गॅरेज चालवतो. आमच्याकडं मारुतीची इको कार्गो व्हॅन उचलून मागणारे म्हणजे दुधाचे कॅन गोळा करणारे, काजू बी उचलणारे, वाड्यावस्त्यांवर किराणा टाकणारे. यांना कुठं चढाई जिंकायची नसते हो, ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोरीतून गाडीचं बूड न घासता घरी जायचं असतं.

इकोचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या बुडापर्यंतची उंची, कंपनीच्या आकड्यात १६० मिलिमीटर. मागं माल भरला की मागची बाजू आणखी खाली बसते, आणि आमच्याकडचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूला खोल चाकोरी आणि मधे जांभ्याचा उंचवटा, पावसाळ्यात तर चाकोरीत पाणी असतं त्यामुळं खोली कळतच नाही. मग सायलेन्सर फाटतो, डिफ्रेन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या गोळ्याचं हाऊसिंग घासतं, आणि माणूस गॅरेजवर येऊन म्हणतो, दोन इंच उचल बघू.

आता उचलायची म्हणजे काय करायचं, हे तुमच्या लेखात एका वाक्यात उरकलंय. पुढच्या स्ट्रटवर, म्हणजे शॉकअब्सॉर्बरवर, स्पेसर म्हणजे उंची वाढवणारा ठोकळा, मागच्या कॉइल स्प्रिंगखाली स्पेसर, झालं. बॉडी वर जाते, फोटोत रुबाबदार दिसते. पण मागचा अॅक्सल सरळसोट एकच दांडा आहे आणि त्याच्या मधोमध डिफ्रेन्शियलचा गोळा, तो स्पेसरनं एक सूतही वर जात नाही, कारण तो स्प्रिंगच्या खाली आहे. तो वर जातो फक्त टायर मोठा केल्यावर, आणि तोही निम्माच, म्हणजे टायरचा घेर नव्हे तर उभी उंची दोन इंचांनी वाढवली तर गोळा एक इंच वर. लोकांना हे सांगितलं की पटत नाही, गाडी जॅकवर घेऊन दाखवावं लागतं.

आणि टायर मोठा केला की दुसरं दुखणं चालू. इकोला बारीक गिअरची म्हणजे फोर-लोची, हळू पण जोरात ओढणाऱ्या जादा गिअरची सोय नाही, पहिला गिअर आहे तेवढाच. टायर मोठा म्हणजे तोच पहिला गिअर जड झाला, चढाला हाफ क्लच धरून धरून क्लचप्लेट जळते. टायरची उंची ५ टक्क्यांनी वाढली तर मीटरवर ६० दिसताना गाडी खरी ६३ नं पळत असते, ते वेगळंच. त्यात जोर फक्त मागच्या चाकांना आणि साधं डिफ्रेन्शियल, एक मागचं चाक हवेत गेलं की तेच गरगर फिरणार आणि दुसरं बघत बसणार. मग दोन काय चार इंच उचला, गाडी तिथंच. जपानमध्ये सुझुकीच्या याच घराण्यातल्या एव्हरी व्हॅनला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळतो, आपल्याकडं इकोला ते कधी दिलंच नाही. म्हणून मी गिऱ्हाईकाला आधी चांगल्या खाचांचे, गाडीला चालतील त्याच मापाचे टायर आणि खालून जाड पत्र्याची प्लेट एवढंच सुचवतो, निम्म्या लोकांचं काम तिथंच भागतं.

पण माझी खरी काळजी ब्रेकची आहे, आणि याबद्दल कुणीच बोलत नाही. बऱ्याच मालवाहू गाड्यांना, विशेषतः एबीएस यायच्या आधीच्या, मागच्या ब्रेकच्या लाइनवर लोड बघणारा एक वॉल्व असतो. त्याची दांडी किंवा स्प्रिंग मागच्या अॅक्सलला बांधलेली असते. माल भरला, बॉडी खाली बसली, की वॉल्वला कळतं गाडी भरलीय आणि तो मागच्या चाकांना जास्त प्रेशर सोडतो. रिकामी असली की कमी सोडतो, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. आता तुम्ही मागं दोन इंचाचा स्पेसर घातला आणि दांडी तशीच ठेवली तर वॉल्वला गाडी कायम रिकामीच वाटणार. पाच-सहाशे किलो माल घेऊन तुम्ही घाट उतरताय आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीइतकेच लागतायत, सगळा भार पुढच्या डिस्कवर. वर गुरुत्वमध्य उंच झालेला, टपावर कॅरियर आणि त्यावर आणखी माल, तिलारीच्या वळणांवर काय होईल ते सांगायला नको. दांडीची सेटिंग बदलता येते, मागच्या चाकांना जोर नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बघून त्याचा क्रॉस म्हणजे सांधा तपासता येतो, पुढचं अलाइनमेंट आणि कॅम्बर म्हणजे चाकांचा झुकाव परत लावता येतं. पण हे सगळं करायला वेळ लागतो, पैसे लागतात, आणि चोरून करायच्या कामात कोण एवढं करतो? पाइपाचे तुकडे कापून स्पेसर म्हणून घातलेल्या गाड्या माझ्याकडं दुरुस्तीला येतात, बघून अंगावर काटा येतो.

चोरून का, तर कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा आरसीवरची, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरची माहिती वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, आता मालकाला प्रत्येक बदलामागं ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तुमच्या फोटोतल्या गाडीला पुढं जाड बुलबार आहे, त्यावर तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्रानं राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. आणि अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिलं हेच विचारतो, हे कंपनीचं आहे का.

मालवाहू गाडीला पासिंग म्हणजे फिटनेसची तपासणी असते, आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी. मग काय होतं, पासिंगच्या आदल्या दिवशी गाडी खाली आणि पासिंग झालं की परत वर. दरवेळी स्ट्रट खोलायचे, बसवायचे, अलाइनमेंट बोंबलतं ते तसंच. हे सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही.

मी असं म्हणत नाही की वाट्टेल ते करू द्या. रस्त्यावर सहा इंच उचललेली व्हॅन मलाही नको. पण बाकीच्या देशांनी मधला मार्ग काढलाय. जपानमध्ये उंचीत ४ सेंटीमीटरपर्यंतचा फरक नवीन तपासणीशिवाय चालतो. ऑस्ट्रेलियात बऱ्याच राज्यांत सस्पेन्शननं ५० आणि टायरनं २५ मिलिमीटर इतकी उंची चालते, त्यापुढं इंजिनिअरचं सर्टिफिकेट. जर्मनीत तपासणी करून बदल गाडीच्या कागदावर चढवतात. सगळीकडं आकडा ठरलेला, जबाबदार माणूस ठरलेला.

आणि आपल्याकडं ही पद्धत नाही असंही नाही! सीएनजी किट बाहेरून बसवतोच की आपण, मान्यता असलेलं किट, मान्यता असलेला फिटर, मग आरसीवर नोंद. पेट्रोल गाडी इलेक्ट्रिक करायच्या किटलासुद्धा मान्यता मिळते. मग अर्ध्या-एक इंचापासून दोन इंचापर्यंतच्या लिफ्ट किटला का नाही? पुण्यात गाड्या तपासणारी एआरएआय संस्था बसलीय, त्यांनी मालवाहू व्हॅनसाठी एक किट तपासावं, स्पेसर कुठल्या धातूचा, ब्रेकच्या वॉल्वची सेटिंग किती, टपावर किती किलोच्या वर माल नाही, सगळं लिहून द्यावं, फी लावावी, आम्ही भरू. माझ्यासारख्या गॅरेजवाल्याला परीक्षा घेऊन लायसन्स द्या, काम चुकलं तर माझं लायसन्स जाऊ दे. परिवहन खात्यानं एवढं मनावर घेतलं तर इथले दूधवाले रांग लावून नोंद करून घेतील.

तुमच्या वार्ताहराला पावसात एकदा इकडं पाठवा, कॅन भरलेल्या गाडीत बसवून घाट उतरवतो.

– एक गॅरेजवाला, आजरा