शेवटच्या त्या कोलनसाठी आभार

दादा, नाव लिहू नकोस असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं दादा.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आर्म बोर्डासाठी क्रॉस कंपायलर हवा होता, म्हणजे माझ्या लॅपटॉपवर बसून त्या बोर्डाच्या आर्म चिपसाठी प्रोग्राम तयार करणारा. जीसीसी हा कंपायलर सोर्समधून बिल्ड करायला घेतलं. मेक, म्हणजे बिल्ड चालवणारी कमांड, बराच वेळ चालायचं आणि मध्येच अडायचं. तक्रार दर वेळी एकच, लायब्ररी पाथमध्ये (लायब्ररी कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची, कोलनने तोडलेली यादी) करंट डिरेक्टरी, म्हणजे आपण सध्या ज्यात आहोत तो फोल्डर, असता कामा नये. एको कमांडने तो पाथ छापून बघावं तर एकच पाथ दिसायचा, ऑप्टमधल्या एका फोल्डरचा. करंट डिरेक्टरी कुठेच नाही!

ज्यांना विचारलं त्यातले एक म्हणाले, "एरर वाचता येत नाही का?" एका शिकवणाऱ्यांनी ओएस उडवून नव्याने टाकायला सांगितलं. मी दोनदा टाकली. दोन्ही वेळा जुनी बॅशआरसी, म्हणजे टर्मिनल उघडताना आपोआप चालणारी सेटिंगची फाइल, पेनड्राइव्हवरून परत आणली. म्हणजे रोग मीच परत घरात घेत होते, आणि "परत काय काय कॉपी केलंस?" एवढं साधं कुणी विचारलं नाही. अजून राग येतो त्याचा.

तुम्ही विचारलंत. बॅशआरसी मागून घेतलीत आणि त्यातल्या लायब्ररी पाथ ठरवणाऱ्या एक्स्पोर्टच्या ओळीवर बोट ठेवलंत. नवा पाथ, मग कोलन, मग लायब्ररी पाथची जुनी किंमत. जुनी किंमत रिकामी होती, त्यामुळे कोलन शेवटी तसाच उरला. आणि कोलनपुढची रिकामी जागा म्हणजे जीसीसीच्या लेखी करंट डिरेक्टरी. मी तो पाथ शंभरदा वाचला असेन, पण शेवटच्या दोन टिंबांकडे नजर गेलीच नाही. तो पाथ अनसेट केला, म्हणजे काढून टाकला, आणि बिल्ड पार पडलं.

इथे तुमचं काम संपलं होतं. पण रात्री पावणेबाराला तुमचा फोटो आला. माझी ती ओळ तुम्ही स्वतःच्या चालत्या मशीनवर टाकली होती, स्क्रीनवर तोच एरर. खाली लिहिलं होतं, "माझंही अडलं. तुझ्या जागी कुणीही अडलं असतं." दादा, ते वाचून मी रडले. दोन आठवडे मला वाटत होतं की हे आपल्याला जमणारं कामच नाही.

जाणकार माणसं खूप भेटली. दुसऱ्याचं दुखणं मुद्दाम आपल्या मशीनवर ओढवून घेणारे तुम्ही पहिलेच.

परवा एका ज्युनिअरचं बिल्ड अडलं. मी आधी त्याची बॅशआरसी मागितली, आणि ती माझ्या लॅपटॉपवर लावून बघितली.