प्रोसेसर मोजता, मग जोडणी का नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महासंगणकाची किंवा एआय डेटा सेंटरची बातमी आली की प्रोसेसर किती, हे ठळक छापलेले असते. ते एकमेकांना जोडलेत कसे, यावर एक ओळही नसते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी नोकरी काढलेल्या मला हे फार खटकते, म्हणून लिहितो.

राखीच्या दिवशी 'इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं' ही टेप सतत वाजायची. दोन्हीकडचे फोन मोकळे, कमी पडायचे ते मधले मार्ग. बेल लॅब्ज या अमेरिकी टेलिफोन संशोधन संस्थेतल्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ साली याचे गणित मांडले. स्विचचे, म्हणजे लाइनीला लाइन जोडणाऱ्या यंत्रांचे, तीन टप्पे करायचे: अलीकडचा, मधला आणि पलीकडचा. कडेच्या एकेका स्विचवर १० लाइनी असतील, तर कुणाचाच कॉल अडू नये म्हणून मधले स्विच १९ हवेत. माझ्या स्विचवरचे बाकीचे ९ जण बोलत असले आणि पलीकडचेही ९, तरी मधले फार तर १८ स्विच गुंततील. एकोणिसावा माझ्यासाठी मोकळा. आज डेटा सेंटरमध्ये जिला 'फॅट ट्री' म्हणतात, ती हीच मांडणी, मधोमध दुमडलेली.

माझी नात इंजिनीअरिंगला आहे. तिच्यापुढे मी ६४ चिंचोके मांडले. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, त्यातल्या ट्रान्सप्युटर नावाच्या प्रत्येक प्रोसेसरला इतरांशी जोडणाऱ्या चार लिंक असत. ६४ प्रोसेसर एका कड्यात गुंफले, तर सर्वांत लांबच्याला निरोप पोचायला ३२ टप्पे लागतात. तेच आठ बाय आठ मांडून समोरासमोरच्या कडा जोडल्या, की प्रत्येकाचे चार लिंकमध्ये भागते आणि टप्पे उरतात ८. पोरीने बोट ठेवून मोजले, चुकली, पुन्हा मोजले. तिच्या पुस्तकात हे चार व्याख्यांत उरकले आहे.

नागपूरकराला तर हे लवकर कळावे. रुळांनी शहराचे दोन भाग केलेत. दोन्हीकडचे रस्ते कितीही रुंद करा, ओलांडायला रामझुला, लोहापूल, अजनीचा पूल अशा मोजक्याच वाटा. संगणकातही यंत्र मधोमध कापले तर त्या कापावरून एका वेळी किती माहिती जाऊ शकते, ते मोजतात. त्याला बायसेक्शन बँडविड्थ म्हणतात. एआय मॉडेल घडवताना हजारो चिपांना आपापली उत्तरे पुन्हा पुन्हा एकमेकींना द्यावी लागतात. ही वाट अरुंद असली की कोट्यवधींच्या चिपा वीज खात ताटकळतात.

आपल्या बातमीदारांनी यापुढे दोन प्रश्न जरूर विचारावेत: या टोकाकडून त्या टोकाला टप्पे किती, आणि मधल्या कापावर बँडविड्थ किती? मिळालेली उत्तरे प्रोसेसरच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच ठळक टायपात छापावीत.

— एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी, प्रतापनगर, नागपूर